आश्वेच्या किनाऱ्यावर लाटेला गुण कसे देतात? भाचीच्या 3.17 वरून पडलेला प्रश्न

मांद्र्याचा मामा

नमस्कार मंडळी. इथे सर्फिंग कळणारे कोणी असतील तर मदत हवी आहे.

माझी भाची चौदा वर्षांची. तीन वर्षं गोव्यात आश्वेला लाटांवर शिकते आहे. गेल्या रविवारी आमच्याच पट्ट्यात एक छोटी स्पर्धा झाली. मोठं काही नाही, एक मांडव, झावळ्यांची सावली, स्पीकर, आणि उंच मचाणावर तीन जज. पावसाळा नुकताच सरलेला, पाणी अजून गढूळ, लाटा कमरेएवढ्या. तिच्या हीटमध्ये, म्हणजे एकत्र पाण्यात उतरणाऱ्यांच्या फेरीत, चौघी होत्या, जर्सीच्या रंगावरून लाल, पांढरी, पिवळी, निळी. भाची पिवळी. वीस मिनिटांची हीट, चौघींतल्या दोघी पुढे.

तिने एक लाट बाहेरून पकडली आणि थेट वाळूपर्यंत आणली. मी घड्याळ लावलं होतं, तेरा सेकंद. किनाऱ्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुण आले 3.17. त्यानंतर निळ्या मुलीने एक लाट घेतली, जेमतेम पाच सेकंदांची. दोनदा वळली, थोडं पाणी उडालं, संपलं. तिला 5.50.

शेवटी निळी 7.60 वर पहिली, पांढरी 6.43 वर दुसरी, आमची 5.90 वर तिसरी, म्हणजे बाहेर. घरी येईपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही. मला आयोजकांवर चिखलफेक करायची नाही, म्हणून नावही घेत नाही. पण तेरा सेकंदांची लाट पाच सेकंदांच्या लाटेपेक्षा कमी कशी, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. तिला काय सांगू?

---

पणजीवाली

मामा, वाचून वाईट वाटलं. मी मिरामारला फक्त चालायला जाते, लाटेवर उभी राहिलेली नाही. पण मलाही वाटायचं की जास्त वेळ उभा राहील तो जिंकला. तसं नसतं का?

---

घुमट

सर्फिंगमधलं काही कळत नाही, पण परीक्षकांच्या समोर आयुष्य गेलं आहे. फोंड्याकडे आमचं भजनी मंडळ. कला अकादमीच्या भजन स्पर्धेला इतक्या वेळा उतरलो की आता मोजत नाही. एक सांगतो. आलाप लांबवला म्हणून गुण मिळत नाहीत. समेवर कसा आलास, शब्द कुठे तोडलास, पखवाजवाल्याला बरोबर घेतलंस का, हे बघतात. सुरुवातीला आम्हालाही राग यायचा. तुमच्या भाचीची लाट म्हणजे लांब आलाप असेल का, असं मनात आलं. चुकत असेन तर सांगा.

---

उधाण

मामा, मी त्या मचाणावर नव्हतो, पण लहान स्पर्धांमध्ये जज म्हणून बसतो आणि त्याआधी बरीच वर्षं हरमल ते मोरजी पाण्यात घालवली आहेत. सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

आधी गणित. प्रत्येक लाटेला प्रत्येक जज 0 ते 10 मध्ये गुण देतो, एका दशांशापर्यंत. मोठ्या स्पर्धेत पाच जज. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण काढून टाकायचे, उरलेल्या तिघांची सरासरी. समजा 5.5, 6.0, 6.2, 5.8, 7.0 आले. 5.5 आणि 7.0 गेले, उरलेल्यांची बेरीज 18.0, लाटेचे गुण 6.00. तुमच्याकडे तीनच जज होते, त्यामुळे काढून टाकायला काही उरत नाही, तिघांची सरासरी घेतली असणार. मग हीटमध्ये कितीही लाटा घ्या, सगळ्यात चांगल्या दोनच धरतात. म्हणजे कमाल 20. भाचीचे 5.90 म्हणजे 3.17 आणि 2.73.

आता तेरा सेकंद. लांबी मोजायचे दिवस होते. जुन्या निकषांत ‘मोठ्या किंवा चांगल्या लाटेच्या धोक्याच्या भागात, ताबा ठेवून, सर्वात जोरकस वळणं, सर्वात लांब कामाच्या अंतरापर्यंत’ अशा अर्थाचं वाक्य होतं. तिथेही शब्द ‘कामाचं अंतर’ असाच होता. आज जागतिक व्यावसायिक लीगच्या निकषांत लांबी हा शब्दच नाही. बघतात काय, तर धाडस आणि कठीणपणा, नवं आणि पुढचं काही केलं का, मोठ्या वळणांची जोडणी, वळणांतली विविधता, आणि वेग-ताकद-ओघ. ह्या पाचांना ठरावीक टक्के नसतात. त्या दिवशीच्या लाटा जे करू देतात त्याप्रमाणे वजन बदलतं. पोकळ लाटांच्या दिवशी बॅरलला, म्हणजे लाटेच्या पोकळीतून जाण्याला, मान, आपल्यासारख्या कमरेएवढ्या लाटांवर वळणांना.

आता डोळ्यांसमोर आणा. लाट मोडायला लागते तेव्हा तिची एक बाजू अजून उभी, हिरवी, न फुटलेली असते. गुण त्या भिंतीवर मिळतात. आणि त्या भिंतीवरही जिथे कड लगेच डोक्यावर कोसळणार आहे, तिथे. तिथे वळलात तर पडण्याची शक्यता जास्त, म्हणून गुण जास्त. एकदा लाट पूर्ण फुटली, पांढरा फेस झाला आणि तुम्ही त्यावर सरळ उभे राहून वाळूपर्यंत आलात, की जजची पेन्सिल थांबलेली असते. मामा, विचारतो, वाईट वाटून घेऊ नका: तेरा सेकंदांतले किती सेकंद ती फेसात होती?

---

मांद्र्याचा मामा

उधाणदादा, आभार. मोबाईलवर व्हिडिओ आहे, तो परत पाहिला. उभी राहिली, डावीकडे थोडी सरकली, मग लाट फुटली. साधारण चौथ्या सेकंदाला. पुढे नऊ सेकंद फेसात सरळ, हात पसरून. ते नऊ सेकंद पाहूनच आम्ही टाळ्या वाजवत होतो.

निळ्या मुलीचा व्हिडिओ तिच्या घरच्यांकडून मागून घेतला, त्यांनी आनंदाने दिला. ती उठली आणि लगेच खाली उतरून परत वर गेली, अगदी कडेखाली. तिथे फळीचं नाक फिरवलं आणि पाण्याचा पंखा उडाला. मग परत खाली, परत वर. किनाऱ्यावरून हे सगळं मला ‘थोडं पाणी उडालं’ एवढंच दिसलं होतं.

---

सातार्डा पुलापलीकडे

सिंधुदुर्गातून वाचतो आहे. आमच्याकडेही पोरं आता फळ्या घेऊन उतरतात. प्रश्न: 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये त्या ब्राझीलवाल्याचा हवेत उभा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्याला 10 का नाही दिले? 9.90 म्हणजे काय, एक दशांश कशासाठी कापला?

---

उधाण

गॅब्रिएल मेदिना, 29 जुलै 2024, ताहितीतलं तेआहुपो, पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग तिथेच होतं. फोटो जेरोम ब्रूये ह्या छायाचित्रकाराचा. ऑलिम्पिकमधल्या एका लाटेचे ते तोवरचे सर्वाधिक गुण.

एक दशांश कोणी ‘कापला’ असं नसतं. 9.90 म्हणजे मधल्या तिघांची बेरीज 29.7. तिघांपैकी एकानेही 10 च्या खाली लिहिलं की 10.00 होत नाही. पूर्ण 10 साठी पाचांपैकी किमान चौघांनी 10 लिहावे लागतात. म्हणूनच अमेरिकेच्या केली स्लेटरने 2005 साली त्याच तेआहुपोच्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोन्ही लाटांना 10, म्हणजे 20 पैकी 20 घेतले, त्याची गोष्ट लोक अजून सांगतात.

---

घुमट

हे झालं गणित. पण पाच जणांच्या डोक्यात 6 म्हणजे 6 एकच कसा? आमच्या नाट्यस्पर्धेत एका परीक्षकाचे 60 म्हणजे दुसऱ्याचे 75.

---

उधाण

घुमटबाब, खरी मेख इथेच आहे, आणि ह्या कामात मला सगळ्यात जास्त ओढ ह्याचीच आहे.

ढोबळ पायऱ्या ठरलेल्या आहेत. 0 ते 1.9 वाईट, 2 ते 3.9 बरं, 4 ते 5.9 मध्यम, 6 ते 7.9 चांगलं, 8 ते 10 उत्कृष्ट. पण आश्वेच्या कमरेएवढ्या लाटेवरचं ‘उत्कृष्ट’ आणि ताहितीच्या प्रवाळावरचं ‘उत्कृष्ट’ एकाच तराजूत बसत नाही. त्यामुळे जज गुण देतो तो त्या दिवसाच्या, त्या हीटच्या लाटांमध्ये तुलना करून. पहिल्या लाटेला दिलेला आकडा म्हणजे जमिनीत ठोकलेली खुंटी. तिथून पुढच्या सगळ्या दोऱ्या तिलाच बांधायच्या. मी पहिल्या लाटेला हुरळून 7.5 दिले आणि तिसरी लाट दुप्पट चांगली निघाली, तर मला वर जागाच उरत नाही. मग मी 9.5 देतो, आणि पाचवी त्याहून चांगली आली की अडकलो.

म्हणून मुख्य जज सुरुवातीच्या एक-दोन लाटांनंतर पट्टी जुळवतो. कोणाची पट्टी फार वर किंवा फार खाली लागली आहे, हे लक्षात आणून देतो. जजांनी एकमेकांच्या कागदात बघायचं नसतं. मी शिकत होतो तेव्हा शेजारच्याचा आकडा नकळत दिसला की माझा हात आपोआप तिकडे झुके. माझ्या गुरूने मला मचाणाच्या टोकाला, पाठ करून बसवलं. हीट संपेपर्यंत तिथेच. त्या दिवशी शिकलो की आपला आकडा चुकला तरी तो आपला असला पाहिजे, कारण पाच स्वतंत्र डोळे असले तरच वरचा-खालचा काढण्याला अर्थ उरतो.

आणि लाटांच्या क्रमाला महत्त्व आहे, आकड्याला तितकं नाही. निळीची लाट भाचीच्या लाटेपेक्षा चांगली होती का? होती. किती? सगळे जज तो फरक साधारण सारखाच दाखवत असतील तर पॅनेल चांगलं.

---

पणजीवाली

मग टोकियो ऑलिम्पिकमध्ये वाद का झाला होता? भावाच्या घरी पाहिलेलं आठवतं, ब्राझीलचे लोक चिडले होते.

---

उधाण

2021 मधली पुरुषांची उपांत्य फेरी, त्सुरीगासाकी किनारा. जपानचा कानोआ इगाराशी विरुद्ध हाच मेदिना. शेवटच्या काही मिनिटांत इगाराशी हवेत गेला, पूर्ण फिरून उतरला, 9.33 मिळाले आणि तो 17.00 विरुद्ध 16.76 असा जिंकला. फरक 0.24. ब्राझीलच्या चाहत्यांचं म्हणणं होतं की मेदिनाच्या हवेतल्या उड्या तेवढ्याच मोलाच्या होत्या. मी ती हीट दोन्ही बाजूंनी अनेकदा पाहिली आहे. इगाराशी जास्त उंच गेला आणि उतरताना लाट त्याच्यामागे कोसळत होती, म्हणून मला त्याचा आकडा पटतो. तुम्हाला नाही पटला तर भांडू, पण भांडण ‘कोणता एअर (हवेतली उडी) कठीण होता’ ह्यावर व्हावं. ‘यजमान देश होता म्हणून’ हे भांडण मी करत नाही.

---

पणजीवाली

पण पक्षपात होतच नाही असंही नाही ना?

---

उधाण

नाही, तसं म्हणणार नाही. पॅरिसच्या वेळी एका ऑस्ट्रेलियन जजचा आपल्याच देशाच्या खेळाडूबरोबरचा फोटो समाजमाध्यमांवर आला आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला पॅनेलमधून काढलं. त्याने कमी-जास्त गुण दिल्याचं सिद्ध व्हायची वाट पाहिली नाही, हे मला योग्य वाटतं.

आपल्या पट्ट्यात तर हे अजून जवळचं दुखणं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्या पोराला मी फळीवर पहिल्यांदा ढकललं, त्याच्याच हीटला मी बसलो तर मला त्याचं वळण त्याच्या मेहनतीसकट दिसतं. त्याने पावसात किती सकाळी काढल्या ते दिसतं. जजला ते दिसता कामा नये. म्हणून माझ्या शिष्यांची हीट आली की मी खाली उतरतो, रंगांची वर्दी देणाऱ्याचं काम घेतो. ‘पांढरा, उजवीकडे, दुसरी लाट’, एवढंच ओरडायचं. तीनच जज असतील तर एक कमी पडतो हे खरं. तेव्हा दुसऱ्या गावच्या माणसाला आधीच बोलावून ठेवणं हाच इलाज.

---

रापणकार

बऱ्याच वर्षांनी इथे लिहितो. आमचं घराणं रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचं, मोरजीकडचं. सर्फिंगचं कौतुक आहे, नातू करतो. पण एक गोष्ट मला पटत नाही. दर्या दोघांना सारखा देत नाही. एकाच्या वाट्याला उधाणाची लाट, दुसऱ्याच्या वाट्याला भिजलेलं फडकं. मग गुण माणसाला की दर्याला?

---

उधाण

काका, ह्याचं उत्तर मीही पुरतं देऊ शकणार नाही, पण जे आहे ते सांगतो.

पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची अंतिम फेरी बघा. ताहितीचाच कौली वास्त, समोर ऑस्ट्रेलियाचा जॅक रॉबिन्सन. निकाल 17.67 विरुद्ध 7.83. रॉबिन्सनला एक बरी लाट मिळाली आणि मग समुद्र झोपला. त्याआधी उपांत्य फेरीत मेदिनाचं तेच झालं होतं, हाच 9.90 वाला माणूस, आणि हीटमध्ये एकच लाट, 6.33, समोर रॉबिन्सनचे 12.33. दोन लाटा लागतातच. जगातल्या सर्वोत्तम माणसाला एका लाटेवर परत जावं लागतं.

पण कौली वास्त त्या पाण्यात वाढला. कुठे बसायचं, कुठला उंचवटा खोटा, कुठला पुढे उभा राहणार, हे त्याला लहानपणापासून माहीत. ते वाचणं हेही कौशल्यच. तुम्ही किनाऱ्यावर उभं राहून पाण्याच्या रंगावरून माशांचा थवा ओळखता, तसंच. जज लाट निवडण्याला वेगळे गुण देत नाही, पण चुकीची निवड करणाऱ्याला चांगली भिंतच मिळत नाही, म्हणजे शिक्षा होतेच.

दर्याचा वाटा काढून टाकायचा तर यंत्राची लाट करावी लागते. कॅलिफोर्नियात लेमूरला, समुद्रापासून दूर, स्लेटरच्या तलावात 2018 पासून जागतिक लीगच्या स्पर्धा झाल्या. तिथे लाट सगळ्यांना सारखी येते, न्याय तिथे जास्त. मी मात्र त्या फार वेळ बघू शकलो नाही.

---

रापणकार

आमच्या वाड्यावर रापण कोणी आधी टाकायची त्याची पाळी असे. पाळी मोडली की भांडण गावभर. लाटेची पाळी कोण ठरवतो?

---

उधाण

तीच इथे ‘प्रायॉरिटी’. नेमका शब्द दिलात काका, पाळीच. दोघांच्या हीटमध्ये पहिली लाट कोणी घेतली की पाळी दुसऱ्याकडे जाते. ज्याची पाळी आहे त्याला कुठलीही लाट घ्यायचा हक्क, दुसरा त्याला अडथळा न करता त्या लाटेवर गेला तर ठीक, अडथळा केला तर दंड, म्हणजे धरल्या जाणाऱ्या लाटेच्या गुणांना कात्री. पाळीसाठी वेगळा जज बसतो आणि किनाऱ्यावर रंगीत तबकडी दाखवतो. दोघांना समोरासमोर उतरवायची पद्धत 1977 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बर्ले हेड्सच्या स्पर्धेपासून रुजली. त्याआधी गर्दीत जो आत घुसला त्याची लाट, असा प्रकार जास्त.

मामा, मुलींच्या चौघींच्या हीटमध्ये तबकडी होती की लाटेच्या शिखराजवळ जी आत ती मालक, असा साधा नियम?

---

मांद्र्याचा मामा

तबकडी नव्हती. पण एक गोष्ट आज तिच्याकडून कळली, ती लिहायला हवी.

शेवटची पाच मिनिटं उरल्याचं पिवळं निशाण लागलं. स्पीकरवर सांगत होते, ‘पिवळ्याला दुसऱ्या जागेसाठी 3.27 हवेत.’ किनाऱ्यावर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. पण अकरा वाजून गेले होते, खारे वारे सुटले होते, स्पीकरचं तोंड आमच्याकडे. तिला आत काहीच ऐकू गेलं नाही. तिला वाटलं आपण खूप मागे आहोत, म्हणून ती मोठ्या लाटेची वाट बघत बसली. तीन छोट्या लाटा तिच्या खालून गेल्या. मग दोन भोंगे झाले, हीट संपली.

3.27. तिने आधी 3.17 घेतलेच होते. एक वळण पुरलं असतं.

हे सांगताना ती रडली. तेव्हा नव्हती रडली.

---

उधाण

मामा, हिशोब बरोबर आहे. पांढरीचे 6.43, भाचीची चांगली लाट 3.17, फरक 3.26, म्हणजे मागे टाकायला 3.27.

ही चूक आयोजनाची आहे, तिची नाही. आतल्यांना कळलंच पाहिजे. पाण्याकडे तोंड करून स्पीकर, नाहीतर फळ्यावर मोठ्या अक्षरात आकडा. मी जिथे बसतो तिथेही हे प्रत्येक वेळी झालं आहे असं छातीठोक सांगू शकत नाही. पुढच्या वेळी मी आधी स्पीकर कुठे आहे ते बघेन.

तिला एक करायला सांगा. पाण्यात उतरण्याआधी कोणीतरी एक माणूस ठरवा, ठरावीक जागी उभा. हात वर म्हणजे ‘लहानही चालेल’, दोन्ही हात आडवे म्हणजे ‘मोठी हवी’. मोठ्या स्पर्धांतही प्रशिक्षक किनाऱ्यावरून असे हातवारे करतात.

आणि दुसरं. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आश्वेला या. सगळे या. कागद आणतो, सगळ्यांना जज करतो.

---

निळी चप्पल

फक्त वाचत होतो. भारतात शिकलेले जज आहेत का पण? की सगळं हौशी?

---

उधाण

आहेत. आपली सर्फिंग फेडरेशन 2011 मधली. मंगळूरजवळच्या ससिहित्लूला, चेन्नईजवळच्या कोवलमला, महाबलीपुरमला स्पर्धा होत आल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर जजही तयार झाले. 2025 च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला आशियाई अजिंक्यपद झालं, त्यात रमेश बुदिहालने कांस्य घेतलं, भारताचं ह्या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक. पाच जज समोर बसलेले असताना घेतलेलं. किनाऱ्यावरच्या टाळ्यांवर ते मिळत नाही.

---

मांद्र्याचा मामा

रविवारचा वृत्तांत. मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

आम्ही पाच जण वाळूत बसलो: मी, माझी बहीण, भाची, उधाण आणि रापणकार काका. पणजीवाली ताई घुमट बाबांना घेऊन आल्या, त्या दोघांनी नोंदी ठेवल्या. मतलई वारे होते, पाणी आरशासारखं, लाटा मांडीएवढ्या. सहा-सात पोरं पाण्यात होती. उधाणने प्रत्येकाला एक कागद, एक पेन्सिल दिली आणि एकमेकांपासून चार-चार हात दूर बसवलं. खोडरबर दिलं नाही.

पहिली लाट. आकडे आले 4.0, 6.5, 3.5, 5.0, 7.0. सात माझे. घुमट बाबांनी 3.5 आणि 7.0 वर काट मारली, बेरीज 15.5, गुण 5.17. उधाण काही बोलला नाही, फक्त हसून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या लाटेला मला कळलं का. तो पोरगा उभा राहिला तोच खाली झेपावला, वर आला, कडेला फळी आपटली, पाणी उडालं, परत. मी 9 लिहिले, कारण 7 ची लाट ह्याच्यासमोर काहीच नव्हती. लिहिताना हात अडखळला. कमरेएवढीही नसलेल्या लाटेला 9! खुंटी म्हणजे काय ते तेव्हा समजलं.

चौथी लाट बहिणीची हुकली, ती मुलीकडे बघत होती. ती बिचारी अंदाजाने आकडा लिहायला लागली तर उधाणने थांबवलं. हुकली तर हुकली असं लिहायचं, मोठ्या स्पर्धेतही रकान्यात तशी खूण करतात, अंदाज करायचा नाही.

सहाव्या लाटेला आकडे 4.5, 4.8, 4.4, 4.6, 5.0. गुण 4.63. अर्ध्या तासात पाच वेगवेगळे डोळे इतके जवळ आले, हे मी स्वतः पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

वाद झाला आठव्या लाटेवर. एका पोराने सुंदर वळण घेतलं, अगदी कडेखाली, आणि वळणातून बाहेर पडताना पडला. मी 6 दिले. काकांनी 5.5. उधाणने 3.5. आणि भाचीने 3.2. सगळ्यात कमी तिचे. मी म्हटलं, अगो, एवढं छान वळण! तर म्हणाली, ‘मामा, तो पडला. वळण संपलं कुठे?’

---

रापणकार

मला अजून 5.5 च वाटतात. धाडस पाहिलं पाहिजे.

---

उधाण

काका, धाडस पाहतातच, पण पूर्ण केलेल्या वळणाचं. ताबा ठेवून बाहेर आला तर ते वळण धरतात, पडला तर त्या वळणाचे जवळजवळ काहीच नाही. त्या लाटेवर त्याआधी त्याने छोटं एक वळण घेतलं होतं, माझे 3.5 त्याचे. भाचीचे 3.2 माझ्या दृष्टीने बरोबरच होते.

तिला विचारा, पुढच्या स्पर्धेत लहान मुलांच्या हीटला नोंदीच्या टेबलावर बसेल का. चौदाव्या वर्षी बसता येतं, मी बसवतो.

---

मांद्र्याचा मामा

विचारलं. आधी विचारते आहे की स्पीकरचं तोंड कुठे असेल.

---

उधाण

पाण्याकडे. आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः लावतो, तिलाही घेऊन या.